एकवीस पूर्ण

खिडकीपलीकडच्या मुलीनं अर्ज माझ्याकडे फिरवला,
पेनाच्या टोकानं एक चौकट दाखवली:
इथं खूण करा, तुम्ही मॅच्युअर स्टुडंट.
म्हटलं, कळतंय गं, सत्तेचाळीस म्हणजे काय ते.
ती हसली. सत्तेचाळीसचं नाही काही,
कोर्स सुरू होतो त्या दिवशी एकवीस पूर्ण असले
की झालं.

झालं?

एकवीस पूर्ण झाले तेव्हा मी कराडला होते.
माझ्या पत्रिकेच्या सातव्या झेरॉक्सवर
मामांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, वय जरा जास्त.
घोडनवरी होईल हं, असं कुणीतरी आईच्या कानात,
पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.
भूगोलाचं शेवटचं वर्ष राहिलं होतं,
ते राहिलंच.
तेविसाव्या वर्षी लीड्स.
मग हॉस्पिटलची लॉन्ड्री, रात्रपाळी,
चादरींवरचे डाग, कुठले निघतात
आणि कुठले नुसते फिके होतात.
याची परीक्षा कुणी घेतली नाही.

प्रौढांच्या चहाला आम्ही नऊ जण.
एक निवृत्त पोस्टमन, जुळ्यांची आई,
सैन्यातून परतलेला एक, दाराकडे तोंड करूनच बसणारा,
आणि कॅलम हार्डकासल, वय बावीस,
दोन वर्षं गोदामात खोकी उचललेला,
कपाळावरची मुरमं अजून ताजी.
त्यानं पाच बिस्किटं एकदम घेतली,
माझ्याकडे बघितलं, दोन परत ठेवली.
असू दे रे, म्हटलं, खा.
नियमानं आपण एकाच वयाचे.

माझा ओजस एकोणीसचा, न्यूकासलला,
तोही पहिल्याच वर्षाला.
नियमानं अजून हिरवा.
परवा रात्री फोन. मला वाटलं, पैसे संपले.
तर म्हणे, आई, संदर्भसूचीत
स्वल्पविराम नावाआधी की नंतर?
सांगितलं.
मग म्हणाला, झोप आता, सकाळी नऊचं लेक्चर आहे ना तुझं.
माझंच वाक्य. फक्त शाळेच्या जागी लेक्चर.

ऑक्टोबरात ऑटलीच्या टेकडीवर नेलं.
वारा असा, की वहीची पानं तोच वाचत होता.
ॲक्रॉइड बाईंनी खडकावर थाप मारली,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.
हा वालुकाश्म. पूर्वी याचीच जाती कापायचे.
भिंग लावा.
लावलं. कण ओबडधोबड,
लहानमोठे सगळे एकाच गर्दीत,
मधूनमधून गुलाबीसर फेल्डस्पार,
सहज विरून जाणारा, न विरलेला.
नदीनं याला घाईघाईनं आणून टाकलं, बाई म्हणाल्या,
घोळवायला वेळच दिला नाही.
म्हणून आमच्या भाषेत हा अपक्व.
वय किती याचं, कॅलमनं विचारलं.
बत्तीस कोटी वर्षं.

कुणीतरी फस्सकन हसलं.
मी हातमोजा काढून तळवा टेकवला.
गार. खरखरीत. जरासं सोलवटलंसुद्धा.

आमचं जातं काळ्या बसाल्टचं होतं.
दोनेक वर्षांतून एकदा पाथरवट यायचा,
आई त्याला ओसरीत बसवून टाकी लावून घ्यायची.
दिवसभर टक् टक्, घरभर दगडाचा भुगा.
मी विचारलं होतं,
एवढं छान गुळगुळीत झालंय, मग मुद्दाम कशाला
खडबडीत करायचं?
आई पीठ चाळत म्हणाली,
गुळगुळीत जातं नुसतं फिरतं गं.

बसमध्ये कॅलम माझ्या खांद्यावर झोपला.
त्याच्या बुटांना टेकडीचा चिखल, माझ्याही.

गृहपाठ शुक्रवारपर्यंत:
तुम्ही आणलेला नमुना किती पक्व?
सकारण लिहा.
मी लिहिलंय, कोपरे अजून शाबूत.
कारणं आज रात्री,
तिसरं मशीन फिरत असताना.