उणे अठ्ठावीस

कागदावर चारशे साठ किलोमीटर.
सेल्समन कोवळा पोरगा. म्हणाला, थंडीत तीनशे धरा.
मग माझा चेहरा बघून: अडीचशे.

कुहमो ते कायानी शंभर, परत शंभर,
आठवड्यातून तीनदा, वेइयोच्या डायलिसिससाठी.
उरले पन्नास. त्यात हीटर,
त्यात वाटेतला चार्जर कुणी आधीच अडवलेला.
वीजबिलाच्या पाकिटामागे चार वेळा मांडलं,
दर वेळी उत्तर वेगळं.
तेल्लेर्वो म्हणते, आधी शेजाऱ्यांना घेऊ दे.

जुनी डिझेल अंगणात. डावं दार गंजलेलं.
सकाळी खोकते, खोकते,
पण चालू होते.

मंगळवारी ट्रायलला नेली.
वेइयो शेजारी, मांडीवर टोपी.
निघालो कधी, कळलंच नाही.
डिझेलच्या घरघरीआड तेवीस वर्षं
जे जे बोलायचं टाळलं,
ते सगळं आता बंद काचांआड
आमच्यासोबत बसलेलं.
टायरखाली फक्त बर्फ करकरत होता.
मग तो म्हणाला, पुटपुटलाच खरं तर,
तरी शब्द न् शब्द ऐकू आला:
मला भीती वाटते, हिल्क्का.

मी आकडा बघत राहिले. एकसष्ट टक्के.
म्हटलं, मलाही.

पाकिटामागचं गणित अजून सुटलेलं नाही.
हप्ते पाच वर्षांचे.
वेइयोनं चष्मा पुसला,
माझ्या सहीखाली आपली केली, सावकाश,
आणि रंगही त्यानंच निवडला:
पिवळा.
बर्फात सापडायला बरा, म्हणाला.