फट

तार्तूला मार्चमध्ये नदीवरचा बर्फ
धड बर्फ नसतो, धड पाणी नसतं.
मुली बूट वर काढून ठेवतात
आणि लोकरी मोज्यांनी तळघरात उतरतात.
पावलं वाजायला नकोत, असा नियम आहे.
माझाच.

ओठांपासून तीस सेंटिमीटरवर माइक.
गळ्याला दोन चकत्या; गार लागतील, आधीच सांगते.
आ म्हण. पुरेल तितका वेळ. सुंदर वगैरे नको.
हे ऐकलं की त्या हमखास सुंदर म्हणायला बघतात.

मुलग्यांचा आवाज फुटतो. घरभर त्याची चर्चा,
काका-मामा नक्कल करून हसतात.
मुलींचा फुटत नाही म्हणे.
तो चिरतो. चिनीमातीच्या कपासारखा,
केसाएवढा, आणि कॉफी गळत नाही
म्हणून वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

राग्ने. वय तेरा वर्षं, चार महिने.
गेल्या साली हिचा वरचा स्वर म्हणजे
पडद्यावर एकावर एक रेघा,
नुकत्या विंचरलेल्या केसांसारख्या.
यंदा रेघांमध्ये धुकं.
आणि मधेच, निसरड्या पायरीवर पाय जावा
तसा आवाज धप्पकन खाली बसला.
तिनं माझ्याकडे न बघता मोजे वर ओढले.

कारण साधं आहे. स्वरतंतू वाढतात,
त्यांना जवळ आणणारे स्नायू मागे राहतात,
पाठीमागे तिकोनी फट उरते, तिळाएवढी.
तिथून श्वास गाण्यात न शिरता निसटतो.
आलेखावर त्याला 'गोंगाट' म्हणतात.
शब्द मी निवडलेला नाही.

वृंदाच्या आइमेबाई तिला मागच्या रांगेत धाडणार आहेत,
खालच्या स्वरांत, हाइली आणि त्या उंच जुळ्यांशेजारी.
"तात्पुरतं," म्हणाल्या.
तेरा वर्षांच्या मुलीला तात्पुरतं म्हणजे किती,
हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

"हे दुरुस्त होतं का?"
दुरुस्त व्हायला आधी मोडावं लागतं, असं काहीतरी
ओठांवर आलं होतं. भिंतीवर टांगण्याजोगं वाटलं, गिळलं.
म्हटलं, दोन-तीन वर्षं. मिटत येते. कुणाची थोडी राहते.
"राहिली तर?"
तर लोक म्हणतात, हिच्या आवाजात काहीतरी आहे.
तिला ते पटलं नाही.

मग तिनं गेल्या सालचा 'आ' मागितला.
हेडफोन दाबून, डोळे मिटून ऐकला.
"किती आगाऊ होते मी," म्हणाली.
"परत घ्या माझा. मघाशी सुंदर करायला गेले."

या खेपेस ती निसरडी पायरी तिनं टाळली नाही.
तिथेच थांबली,
थरथरत, हवा जास्त, स्वर कमी,
अकरा सेकंद.

तक्त्यात एकच नोंद मावते, नियमानं पहिली.
ती भरली.
दुसरी मी वेगळ्या नावानं ठेवली आहे.

वर बूट चढवताना ती फोनवर कुणाशी तरी भांडत होती,
मधे हसतही होती.
बोलणं केव्हाच दोन पट्ट्या खाली उतरलेलं.
तिचं तिला ठाऊक नव्हतं.