गुडघ्याचं माप

मोटर सगळ्यात शेवटी लावायची असते.
आधी गेट हातानं ढकलून बघायचं.
अडलं, कुरकुरलं, एका अंगावर रेललं,
तर मोटर त्याचं काही भलं करत नाही,
दुखणं फक्त जोरात ओढते.

डेल्पोर्ट बाईंचं गेट पाच मीटर लांब,
पीटरमॅरिट्झबर्गच्या चढावर,
रुळात जॅकरंडाच्या फुलांचा लगदा बसलेला.
मी खराट्यानं काढला. जांभळं पाणी वाहिलं रस्त्यावर.
बाई व्हरांड्यातून म्हणाल्या,
लुंगिसानी, फुलांचे पैसे लावू नकोस हं.

चौथरा ओतला. दोन दिवस हात लावला नाही.
मग चार बोल्ट, पाणसळ,
दातेरी पट्टी आणि चक्र यांच्यात नखाएवढी फट,
कारण गेटचं ओझं चाकांनी वाहायचं,
मोटरनं नुसतं चल म्हणायचं.

रुळाच्या दोन्ही टोकांना अडसर, माझ्या मनगटाएवढे जाड.
त्याशिवाय मी वीज जोडत नाही.
एडनडेलला एका गोदामाचं गेट
रूळ संपला तरी चालत राहिलं होतं.
पलीकडे माझा काका फनुएल,
थांब म्हणून हात वर केलेला.

बाईंना हे सांगितलं नाही.
त्या विचारत होत्या, ते दोन डोळे किती रँडचे?
आणि दोन जोड्या कशाला?
एक गाडीसाठी, म्हटलं, एक खाली,
नातवासाठी, कुत्र्यासाठी.
आम्ही जपून राहू, म्हणाल्या.

मी कुंपणालगतच्या झाडाची पपई तोडली,
खांबाला टेकवून धरली, लांब फळीच्या टोकानं,
आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.
गेट आलं. थांबलं, तेही खरं,
पण पपईला कळल्यानंतर.
बाई बराच वेळ बियांकडे बघत राहिल्या.
दोन्ही जोड्या लाव, म्हणाल्या,
आणि तो जोर कमी कर.

कमी केला. डोळे बसवले.
पुन्हा बघितलं, या खेपेला माझ्या टोपीवर.
टोपी अजून आहे.

मग विचारलं, पायी कोण येतं?
कोणी नाही, म्हणाल्या.
आणि स्वयंपाकघराच्या दारातून नोकुलुंगा बाहेर आली,
पिशवी, छत्री, चपला बदललेल्या,
सहाची टॅक्सी गाठायची.
बावीस वर्षं हेच दार.
डावा गुडघा वाकत नाही.

माणसांसाठी बाजूला छोटं दार हवं, मी म्हटलं.
पुढच्या वर्षी बघू.
तोवर?
तोवर तिला सरकून जाता येईल की.

कारखान्यातून गेट पंधरा सेकंदांवर लावून येतं.
मी मनात मोजत बसलो,
ती येताना, रूळ ओलांडताना, पिशवी सावरताना.
एकोणीस.
तीस केले.
पुस्तिकेत असं कोणतं माप लिहिलेलं नाही.

लोडशेडिंग झालं तर बॅटरीवर चालेल,
बॅटरी संपली तर ही किल्ली, अशी फिरवायची,
गेट मोकळं होतं, मग हातानं.
किल्ल्या दोन. एक बाईंना दिली.
दुसरी कुणाला, त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलंही नाही.

खोक्याच्या भोकात स्पंज कोंबला,
पाल उबेला येते, मुंग्या तारा खातात.
बिल लिहिलं: मोटर, बॅटरी, डोळे दोन जोड्या,
फुलं शून्य.

आठवड्यानं पुन्हा गेलो, रूळ बघायला.
नोकुलुंगा मधोमध उभी, पिशवी या हातातून त्या हातात घेत.
गेट तिच्यासाठी थांबून.
मी ओरडलो, मा, मध्ये थांबू नका!
तिनं मागे वळून पाहिलं:
तूच ना डोळे लावलेस?

लावले, म्हटलं. पण आज त्यांना दिसेलच असं
मी छातीठोक सांगू शकत नाही.
चला. अजून बारा सेकंद आहेत.
ती निघाली, अजिबात घाई न करता.