डिकी

पोराचं नाव कैवल्य.
टिप्टनच्या मित्रांनी त्याचं केलं 'काय'.
त्यामुळे घरात असं होतं की
ऐकू आलं नाही म्हणून मी विचारतो, "काय?"
आणि वरच्या खोलीतून तो ओ देतो.

एकतीस वर्षं मी हॅमरशेजारी उभा राहिलो.
फोर्ज पाडली, तिथं आता गाद्यांचं दुकान आहे.
माझ्या कानात मात्र रात्रपाळी चालूच.
कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये,
चहाच्या गाळणीशेजारी.

शनिवारी त्यानं मायक्रा दाराशी उलटी लावली.
आठशे पौंडांची गाडी,
पाचशेचे दोन सबवूफर, बारा-बारा इंची,
शैलजाच्या कणकेच्या परातीएवढे.
डिकी उघडून आम्ही दोघं
विहिरीत वाकून बघावं तसे बघत राहिलो.

"स्टेपनी काढावी लागेल," मी म्हणालो.
हा शब्द इथलाच,
इथं कुणाला कळत नाही.
मी बोटानं दाखवली.

अठरा मिलिमीटरचा एमडीएफ. गोंद. चाळीस स्क्रू,
त्यातले तीन वाकडे गेले, ते त्याचे.
पेटी अशी घट्ट हवी
की आतला श्वास आतच मागं वळावा;
केसाएवढी फट राहिली तरी आवाज फुसका.
तान्ह्या बाळाची टाळू चाचपावी तसा
मी बोटांनी कोन दाबला.
सावकाश वर आला.
झालं, बंद आहे.

काळी वायर तो रंगावरच आवळत होता.
"तसं नाही. रंग खरवड, पत्रा उघडा पडेपर्यंत.
रंगावर अर्थिंग धरत नाही.
मग इंजिन चढलं की बारीक कुणकुण लागते
आणि माणूस ती जन्मभर शोधत बसतो."
शिरोलीच्या फाउंड्रीत शिकलो होतो हे,
वेगळ्या मशीनवर, शिव्यांसकट.
त्यानं सँडपेपर घेतला.
निळ्याखाली लाल निघाला.
गाडी कधीकाळी लाल होती म्हणे,
दोघांनाही ठाऊक नव्हतं.
लालखाली राखाडी. मग लखलखीत.

शैलजा दारात आली, म्हणाली,
आता तांदळाचं पोतं काय मी मांडीवर घेऊन बसू?
हे मला स्पष्ट ऐकू आलं.

मग लावलं त्यानं.
नंबरप्लेट थरथरली, आरसा थरथरला,
डोरीनबाईंच्या खिडकीतली चिनी मातीची कुत्री
बोटभर सरकली असतील.
पोरगं खूश. मान डोलावतंय.
मी मागच्या सीटवर पाठ टेकून बसलो
आणि काही आलंच नाही.
हॅमर पडायचा तेव्हा
आधी तळपायाला कळायचं, मग कानाला.
हे नुसतं पत्र्याचं कंपन. पोटात काहीच नाही.

उतरलो. दोन्ही कोनांवर दोन तळवे ठेवले.
एक पुढं येतो तेव्हा
दुसरा मागं जातो.
दोघंही जीव तोडून काम करतायत
आणि मधे शून्य.

"एकाची वायर उलटी लागलीय."
"नाही."
"लाव तू हात."
त्यानं माझ्या हातांशेजारी हात ठेवले.
बराच वेळ ठेवले.

लाल-काळी बदलली, पुन्हा बसलो.
आता मात्र आला:
बरगड्यांच्या खालून, तेलाच्या वासाशिवाय,
दुपारच्या शिफ्टमधला पहिला घाव.
पुढून वळून तो काहीतरी ओरडला.
"काय?" मी म्हणालो.
"काय?" तोही म्हणाला.

स्टेपनी आता जिन्याखाली आहे,
तिच्यावर शैलजा कांद्यांची पिशवी ठेवते.

पोरगं रात्री उशिरा येतं.
पूर्वी कधी आलं ते सकाळी बूट बघून कळायचं.
आता पलंगाच्या पायांतून कळतं,
कॅनॉलचा पूल ओलांडला, कोपऱ्यावर वळला.
तिथून पुढं तो आवाज बारीक करतो,
डोरीनबाईंसाठी.

नको करूस, असं सांगायचं
रोज राहून जातं.