अक्रोड घासून बघ

किटलीच्या तळाशी पांढरा थर धरलाय, म्हणालो,
तर तू बारीहून, कुणा म्हातारीच्या स्वयंपाकघरातून,
हलक्या आवाजात (ती दुपारची झोपली होती)
म्हणालीस: व्हिनेगर घाल, पाणी घाल, उकळ.
ओतून दे. मग परत नुसतं पाणी उकळ, जुंबेर,
नाहीतर आठवडाभर चहाला लोणच्याचा वास येईल.

परतचं पाणी मी विसरलो.
आठवडाभर आला.

कुताइसीत एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली मी.
तारेवरून दांडी सुटली की भर पावसात उतरून
परत चढवायचो, उतारू आतून बघत बसायचे.
पण आपल्या घरात मीठ कुठल्या फळीवर असतं
हे तू विमानात बसल्यावर शोधलं.

म्हणून आता लिहून ठेवतो, वीजबिलाच्या पाठीवर.
लोबियो खारट झालं, तर कच्चा बटाटा सोलून टाक.
शेजारची लामारा म्हणते, थाप आहे ती,
बटाटा खारट होतो, राजमा होता तसाच राहतो.
मी दोन्ही खाल्लं. लामाराचं खरं आहे.
तुला कळवलं नाही.

अंडं पाण्यात सोड: आडवं पडलं तर ताजं,
उभं राहिलं तर आजच खा,
तरंगलं तर...
तेवढ्यात तुझ्यामागे म्हातारीची घंटी वाजली
आणि तू फोन ठेवलास.
अंडं तरंगत होतं. मी बराच वेळ बघत बसलो.

चेन अडकली: मेणबत्तीचा तुकडा घास.
हाताला कांद्याचा वास: स्टीलच्या चमच्यावर चोळून धू.
खिडकीची काच: जुनं वर्तमानपत्र.
आता वर्तमानपत्र घेतं कोण?
खालच्या न्हाव्याकडून गठ्ठा आणला,
लिफ्टच्या डब्यात नाणं टाकून चौथ्या मजल्यावर चढवला,
आणि पुसता पुसता वाचत बसलो.
अर्धी खिडकी लख्ख आहे.
अर्धीवर बारा वर्षांपूर्वीचे निकाल उमटलेत.

टेबलावर चरा पडला. करवतीनं. होय, टेबलावर करवत.
तू रागावली नाहीस, तेच जरा लागलं.
म्हणालीस, अक्रोड फोड, गर घास,
आडवा नको, लाकडाच्या रेषेनं,
मग अंगठ्यानं चोळत राहा, ऊब लागेपर्यंत.
चरा गेला नाही. दिसेनासा झाला.
जवळून बघणाऱ्याला दिसतो,
आणि जवळून बघणारं इथे कोण आहे.

नोव्हेंबरात इटलीला जाणाऱ्या मिनीबसवाल्याकडे
चार किलो अक्रोड दिले, तुझ्या भावाच्या झाडाचे.
त्यानं वजन केलं, पैसे घेतले, पिशवी
कुणाच्या तरी वाइनच्या कॅनमागे कोंबली.
पंधरा दिवसांनी तुझा फोन:
सिन्योरानं काठी आपटून कपाटाचं दार ओरबाडलंय,
रविवारी तिची मुलगी यायचीय,
सगळेच काही खाल्ले नाहीत मी अक्रोड.
गेला का चरा, विचारलं.
कसला जातोय, म्हणालीस.
पण ती माझा हात धरून वास घेत बसते,
आणि कुणा दुसरीच्याच नावानं हाक मारते.
मग तू काय करतेस?
ओ देते.

काल रात्री कान ठणकत होता.
तिकडे अकरा वाजले असतील,
तिला निजवून तू नुकती पाठ टेकली असशील,
म्हणून फोन केला नाही.
तव्यावर जाडं मीठ तापवलं, मोज्यात भरलं, गाठ मारली,
कानाशी धरून तुझ्या बाजूला पडलो,
भिंतीकडच्या. तिथली गादी अजून टणक आहे.
मोजा तुझाच, निळा, टाचेला रफू.

सकाळी मीठ गार होतं, मोज्याच्या आकाराचं.
हे परत तापवलं तर चालतं का,
की दर वेळी नवं घ्यायचं?
एवढंच विचारायचंय. दुसरं काही नाही.
उचल.