रुळापासून रुळापर्यंत

माझ्या दुकानात दोनच गोष्टी मोजून मिळतात:
गांडुळं डझनावर,
परवाने वर्षावर.
गप्पांना काटा नाही.

बर्फ वितळला की पहाटे चारला दिवा लावते.
कुणी नवखा पुलावरून आलेला असतो,
मिनेसोटाचा कागद विस्कॉन्सिनच्या टेबलावर ठेवतो,
विचारतो, इथे चालेल?
नदीत चालेल, मी म्हणते.
नदी कुठून कुठपर्यंत?
रुळापासून रुळापर्यंत.

दोन्ही काठांनी मालगाड्या जातात,
त्यांच्या मधलं जे ओलं आहे ते दोघांचं.
मोरीखालून पलीकडे गेलेलं तेच पाणी,
तेच शेवाळ, बेडूकही तेच,
पण तिथे गळ टाकलास तर तू परका,
आणि वॉर्डन केन्ड्रा स्लेव्हिक
झुडपामागे थर्मास घेऊन बसलेली असते.
दोन कागद काढले म्हणून दोन टोपल्या भरायच्या नाहीत,
हेही सांगावं लागतं.
दरवर्षी.
त्याच लोकांना.

न्हिया चोंगची आई माझ्याशी बोलत नाही,
न्हियाशी बोलते. न्हिया मला सांगते:
आई विचारतेय, मासा कुठला रहिवासी?
तेव्हा हसले.
दुपारी दुकानात एकटी होते, पुन्हा आठवलं,
तेव्हा नाही हसले.

एका एप्रिलात नदी रुळांवर चढली.
चर्चच्या आवारात पोरांनी
थांबा लिहिलेल्या खांबाशी कार्प धरला, हातांनी.
मी केन्ड्राला फोन लावला, आता हद्द कुठे?
ती म्हणाली, रूळ आहे तिथेच, आर्डिस.
पाण्याखाली असला म्हणून काय झालं.

व्हर्लिन टॉलेफसनची होडी ऑक्टोबरात सापडली,
हिरव्या बोयाभोवती हळूहळू फिरत,
इंजिन चालू, डब्यात अर्धं सँडविच.
तो तिसऱ्या दिवशी मिळाला,
मधल्या धारेत, दगडी बांधाला अडकून.
दोन काठांहून दोन शेरीफ आले,
टोप्या काढल्या, मग यंत्रं काढली.
अकरा फूट.
हे अंतर ते इतक्या हळू बोलले
की वारा पडला नसता तर मला ऐकू आलं नसतं.
खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्याच मशीनचा कागद,
कोरडा:
पाच फूट नऊ, डोळे करडे, मार्चअखेर वैध.
मासे धरायला तो दोन्हीकडे चालत होता.
मरायला एकच बाजू लागते.
त्र्याहत्तर वर्षं इकडच्या काठावर काढून
माणूस अकरा फुटांनी परराज्यात वारला.
दाखला टपालाने आला, सेंट पॉलहून,
नावात एक एस कमी.

नोव्हेंबरात ओर्ला आली.
त्याबद्दल अक्षर नाही.
कोट न काढता म्हणाली,
त्याच्या परवान्याचे पाच महिने उरलेत.
मला चालतील?
नाही चालत, ओर्ला.
नावावरचा असतो तो.
तिने मान हलवली, जणू दुधाचा भाव ऐकला.
मग म्हणाली, तर एक माझ्या नावावर काढ.

ओर्ला गळाला गांडूळ लावत नाही.
व्हर्लिनने आणलेले मासे ती
डोळे मिटून साफ करायची, हे सगळं गाव जाणतं.
मी मशीन चालू केलं.
नियम आहे, विचारावंच लागतं,
ओळख तीस वर्षांची असली तरी:
जन्मतारीख? उंची?
तिने सांगितली.
डोळ्यांचा रंग?

बाहेर मालगाडी आली, फार लांबलचक,
गळांच्या पुड्या खिळ्यांवर थरथरत राहिल्या.
गाडी संपेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

करडा, ती म्हणाली.

मी वर पाहिलं. हिरवे होते.
तिने सांगितला तो लिहिला.