टंच

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
अन्वर शिकलगारच्या टेबलावर
दोन कार्डं पालथी पडलेली.
एक नवं, प्लास्टिकच्या फिल्मसकट.
एक वापरलेलं,
कडेला कुणाच्यातरी स्टिकरचा चिकटा.

मी वहीत उभी रेघ मारून आलो होतो.
डावीकडे आठ जीबी, उजवीकडे बारा.
डावीकडे क्लॉक जलद,
उजवीकडे बस रुंद, एकशे ब्याण्णव बिट.
एकशे पंधरा वॅट, एकशे सत्तर वॅट.
किमतीत अडीच हजारांचा फरक,
तो नव्याच्या बाजूला जड.

आण्णांनी वही वाचली नाही.
चाळीस वर्षं हुपरीत डाय कोरलेला माणूस,
दारात चप्पल काढून आत आलेला,
त्यांनी दोन तळहातांवर दोन कार्डं घेतली,
किंचित वर-खाली केली
आणि विचारलं,
"टंच किती?"

अन्वर हसला. मग हसायचा थांबला.
खोक्यावरचा आकडा म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचा आकडा,
खरं काय ते आगीत कळतं,
हे त्यालाही ठाऊक होतं.

मी पेनड्राइव्ह काढला.
आमचंच पैंजण, लग्नाच्या ऑर्डरचं, उलगडून ठेवलेलं,
सहा पदरी, कमळाची कडी,
दोनशे सोळा घुंगरं,
प्रत्येक घुंगराला चीर, चिरेच्या आत खडा,
जो माणसाला दिसत नाही
पण उजेडाला दिसतो.

एकच घुंगरू : नव्याला अकरा सेकंद, जुन्याला सतरा.
दहा घुंगरं : नवंच पुढं.
एक पदर : नवंच.
अन्वर बिलबुक शोधायला लागला.
मग आख्खं पैंजण चढवलं
आणि नवं अडलं.
जळलं नाही, ओरडलं नाही,
पडद्यावर फक्त एक ओळ, मेमरी संपली.
ही ओळ खोक्यावर छापलेली नसते.

जुनं धापा टाकत राहिलं.
त्र्याऐंशी डिग्री.
चहावाला दोनदा येऊन गेला.
एक्केचाळीस मिनिटं
आण्णा पंख्याशी कान नेऊन बसलेले.
"डावं बेअरिंग घासतंय," म्हणाले,
"आपल्या पॉलिशच्या मोटरीगत."

तेव्हा अन्वरनं कबूल केलं,
गोकुळ शिरगावच्या एका गाळ्यात
दीड वर्ष, रात्रंदिवस,
हे नाणी खणत होतं.
"नाणी? कसल्या धातूची?"
आम्ही दोघंही गप्प.

"मग घट धरा," आण्णा म्हणाले,
मोडीच्या चांदीत धरतात तशी.
एक पंखा, वाळलेली पेस्ट,
आणि दीड वर्षाची झोप.
झोपेचे किती धरायचे यावर
दोघं बराच वेळ घासत बसले.
शेवटी अठराशे सुटले
आणि वर पेस्टची एक सिरिंज.

हुपरीच्या एसटीत कार्ड माझ्या मांडीवर, टॉवेलात.
आण्णांनी खिडकी लावून घेतली,
धूळ जाईल म्हणाले.

रात्री पुन्हा पैंजण चढवलं.
आधी पडद्यावर नुसता रवा,
मग रव्यातनं हळूहळू चांदी.
आण्णा स्टूल ओढून,
काचेला बोट न लावता मोजत होते.
"दोनशे पंधरा."
झाकलं असेल एखादं, मी म्हटलं.
त्यांनी उलटीकडनं मोजलं.
"पंधराच."

फाईल उघडली.
पाचवा पदर, कडीपासनं नववी जागा,
कॉपी करताना मीच सोडलेली.
दुपारी त्या जुन्या कार्डानं
त्र्याऐंशी डिग्रीला तापून, इमानेइतबारे,
दोनशे पंधराच काढली होती
आणि माझ्या वहीत,
उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना,
शाईनं लिहिलेलं, दोनशे सोळा.

"कार्ड खरं हाय," आण्णा म्हणाले
आणि झोपायला गेले.
वहीचं काय, ते बोलले नाहीत.

मी नववं घुंगरू बसवलं.
डावा पंखा पुन्हा घासायला लागला.